येसाईच्या पारावरच्या इस्त्र्या

पाथरजाळी गावाला खैरी नदी वळसा घालते. तिथला धुण्याचा घाट संपतो त्या जागी करंजाचं एक म्हातारं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी दगडी पार. पारावर मूर्ती नाही, शेंदूर नाही, घंटा तर नाहीच. आहेत त्या इस्त्र्या. बिडाच्या, कोळशाच्या, उचलताना मनगट मुरगळेल इतक्या जड. काहींच्या लाकडी मुठी वाळवीनं खाल्ल्यात, काहींच्या झाकणावरची कोंबड्याच्या आकाराची कडी अजून शाबूत आहे. पावसात गंजून त्या एकमेकींना चिकटल्या आहेत. गाव या जागेला येसाईचं ठाणं म्हणतं.

अलीकडे शहरातून जुन्या वस्तूंचे शौकीन मोटारी घेऊन येतात. दिवाणखान्यात झाडाच्या कुंडीशेजारी मांडायला त्यांना अशी एखादी इस्त्री हवी असते. घाटावर ठमाबाई परटीण बसलेली असते, तिला ते भाव विचारतात. ठमाबाई ऐंशीच्या घरातली, दातांनी सोडलं तरी जिभेनं न सोडलेली. ती म्हणते, "न्या की! पर आदी ऐकून घ्या, मग हात लावा." आणि ऐकून घेतल्यावर आजवर कुणी हात लावला नाही, असं गावात सांगतात. ती सांगते ते असं.

आगगाडी या मुलखात यायची होती तेव्हाची गोष्ट. गोऱ्यांचं राज्य आलं होतं, पण ते कचेरीच्या गावी. पाथरजाळीत राज्य होतं गढीवरच्या सुभानरावाचं. या माणसाला म्हणे पांढऱ्या कपड्याचं वेड होतं. बगळ्यासारखा शुभ्र राहायचा. अंगरख्यावर एक चुणी दिसली की परटाला गढीवर बोलावणं यायचं आणि चाबूक खुंटीवरून खाली यायचा. सटवा परटाची पाठ नुसत्या वळांनी भरली होती. बिचारा पितळी तांब्यात निखारे भरून तो तांब्या कापडावर फिरवायचा. तांब्याचं बूड गोल, चुण्या राहायच्याच.

सटवाची सून येसू. हाताला बळ आणि तोंडाला लगाम अशी बाई. तिचा नवरा म्हादू मुंबईला गोऱ्यांच्या पलटणीचे कपडे धुवायला गेला होता, वर्षातून एकदा यायचा. एका खेपेला त्यानं पलटणीतली मोडीत निघालेली बिडाची इस्त्री आणली. सपाट, टोकदार, पोटात निखारे घालून वर झाकण. पंचक्रोशीत तसली वस्तू कुणी पाहिली नव्हती. येसूनं ती अंगरख्यावर फिरवली आणि कापड आरशासारखं झालं. सटवाची पाठ वाचली. सासरा त्या इस्त्रीला रोज हात जोडायचा.

सटवाचा एक नियम होता, आणि तो त्यानं सुनेला घरात पाऊल टाकल्या दिवशीच सांगितला होता. "पोरी, परटाला समद्या गावाचं ठावं असतं. कुणाच्या अंथरुणात काय, कुणाच्या लुगड्यावर काय. पर गाठोड्यातलं गाठोड्यातच ऱ्हातं. जो परीट गाठोड्यातलं भाईर बोलला, त्याच्या दारात कुनी धुणं टाकत न्हाई." येसूला ते पटलं होतं. डाग काढायचा आणि विसरायचा, यालाच ती धंद्याचं इमान समजत होती.

सुभानरावाची बायको सगुणाबाई. चिंचखेडच्या सरदार हैबतरावांची थोरली लेक. मोठ्या घरची, पण मोठेपणाचा वारा न लागलेली. लहानपणी विळीवर अर्धी करंगळी गेली होती, त्यावरून स्वतःच चेष्टा करायची. येसू आठवड्यातून एकदा गढीच्या मागल्या चौकात इस्त्री घेऊन बसायची, तेव्हा सगुणाबाई तिच्यासमोर जोत्यावर येऊन बसे. माहेरच्या गप्पा, धाकट्या बहिणीच्या, मैनाच्या खोड्या. येसू हसायची. परटिणीशी असं कुणी बोलत नसे, म्हणून तिला तो दिवस सणासारखा वाटायचा.

अशाच एका दिवशी झाकणाच्या फटीतून ठिणगी उडाली आणि सुभानरावाच्या अंगरख्याच्या बाहीला जोंधळ्याएवढं भोक पडलं. तो नेमका तेव्हाच चौकात आला. त्यानं बाही पाहिली, चाबूक मागवला. येसू मान खाली घालून पाठ वळवून बसली. आणि सगुणाबाई उठली.

"कापडच आहे ते," ती म्हणाली. "माणसाच्या कातड्याहून मोलाचं आहे का?"

सुभानराव हसला म्हणे. चाबूक त्यानं गड्याकडे परत दिला. खाली वाकून येसूची इस्त्री उचलली. येसू करायची तशीच बोटं पाण्यात बुडवून त्यानं इस्त्रीच्या बुडाला लावली. चर्र झालं.

"तापलीय का हे असंच बघतेस ना ग तू?" त्यानं येसूला विचारलं.

मग दोन गड्यांनी मालकिणीला धरलं, आणि त्यानं ती इस्त्री चोळीवरून तिच्या पाठीवर ठेवली आणि दाबून धरली. सगुणाबाईचा आवाज नदीपलीकडच्या रानात ऐकू गेला असं सांगतात. येसू तिथेच होती. ती ओरडली नाही, आडवी गेली नाही. तिच्याच हातची इस्त्री होती आणि तीही तिनं नंतर पाण्यानं पुसून घरी नेली. भ्यालेलं माणूस काय करतं, तेच तिनं केलं.

पुढल्या धुण्याच्या दिवशी सगुणाबाईनं स्वतः येऊन येसूच्या हातात एक चोळी दिली. जखमेवर घातलेली, पाठीमागे रक्तानं आणि पुवानं कडक झालेली.

"ही धुऊ नकोस, येसू. चिंचखेडला माझ्या आईकडे पोचती कर. तोंडानं काही सांगूही नकोस. ती उलटी करून बघेल. बाबा त्याच दिवशी घोडं काढतील."

येसूनं चोळी पदराखाली घेतली. घाटावर आली तर सटवा उभा. त्यानं चोळी पाहिली. गढीचं मीठ, गढीचा चाबूक, बापजाद्यांचा नियम, सगळं एका दमात त्यानं सुनेला ऐकवलं. "म्हायेरी पोचली तर आपलं घर पेटलं म्हून समज. धू ती. आपलं काम ते हाय." येसू पाण्यात उतरली. रक्ताला गार पाणी आणि रिठा, इतकं पुरतं. वेळ फार लागत नाही. चोळी लख्ख झाली.

ती लख्ख चोळी घडी घालून तिनं सगुणाबाईला परत दिली. सगुणाबाईनं घडी उलगडली, पाहिली, पुन्हा घातली. त्यानंतर ती जोत्यावर येऊन बसली नाही.

ठमाबाई इथे थांबते. पाहुण्यांपैकी कुणी चुळबुळ केली तर त्याच्याकडे रोखून बघते. मग पुढे सांगते.

सुगी आटोपली आणि एका सकाळी गढीवरून बातमी आली की बाईसाहेबांना पान लागलं. साप चावला म्हणे. माहेरची माणसं यायच्या आत चिता पेटलीसुद्धा. हैबतराव आले ते राखेला हात जोडून परत गेले. आणि दुसऱ्या दिवशी गढीचा गडी येसूच्या दारात एक गाठोडं टाकून गेला. "आजच्या आज धुऊन दे. मालकांचं हाय."

गाठोड्यात अंगरखा होता. लग्नात हैबतरावांनी जावयाला दिलेला, गळ्याला हिरव्या रेशमाची गोट असलेला. छातीवर रक्त वाळलं होतं. सापाच्या चाव्यानं एवढं रक्त येत नाही, हे कळायला वैद्य लागत नाही. आणि त्या रक्तात मधोमध एक पंजा उमटला होता. बायकी, लहान, कुणाला तरी दूर ढकलणारा. त्याची करंगळी अर्धी होती.

येसूचा हात सवयीनं पाण्याकडे गेला. तो तिनं मागे ओढला, आणि घरात जाऊन इस्त्रीत निखारे भरले.

"आगं, काय करतीस?" सटवा ओरडला. "रगताला ऊन लागलं तर डाग बसंल! जल्मात निघायचा न्हाई!"

"बसू दे, मामंजी. बसावा म्हनूनच."

तिनं अंगरखा अंथरला आणि त्या पंजावर इस्त्री ठेवली. करपट वास सुटला. मीठ लागल्यासारखे तिचे डोळे चुरचुरत होते, पण हात हलला नाही. पाचही बोटं एकेक करून तिनं दाबून घेतली. पंजा काताच्या रंगाचा झाला आणि कापडात कायमचा बसला. मग तिनं त्याची घडी घातली आणि पायघड्यांच्या गाठोड्यात सगळ्यांत तळाशी ठेवली. लग्नात वधूवरांच्या पायांखाली कापड अंथरायचा मान परटाचा. ते गाठोडं लग्नाशिवाय सुटत नाही आणि परटाशिवाय कुणी त्याला शिवत नाही. सटवानं सगळं पाहिलं.

चिंचखेडला जाऊन सांगावं, हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण परटिणीच्या शब्दावर सरदाराच्या घरात कोण विश्वास ठेवणार? आणि तशी वेळही आली नाही. संध्याकाळी गढीवरून अंगरख्याची विचारणा झाली. येसूनं सांगितलं, धुताना हातातून सुटला, नदीनं नेला. बिचारी धुण्यात पटाईत, खोटं बोलण्यात कच्ची. खैरीला त्या दिवसांत घोट्याएवढं पाणी होतं. त्यात रुमालसुद्धा वाहून गेला नसता.

दोघांना गढीच्या चौकात आणलं. सुभानरावानं येसूचीच इस्त्री येसूच्याच घरून मागवली आणि पेटवायला लावली. तिचा उजवा हात पाट्यावर धरून त्यानं तळव्यावर ती इस्त्री टेकवली. "अंगरखा कुठाय?" "न्हाई." पुन्हा टेकवली. येसूच्या तळव्याचं कातडं इस्त्रीला चिकटून आलं. ती किंचाळली, गडाबडा लोळली, पण तिनं सांगितलं नाही. एकदा एक चोळी तिनं धुतली होती. आता दुसऱ्यांदा धुणार नव्हती.

तेव्हा सुभानराव सटवाकडे वळला. म्हातारा घाबरट, हे साऱ्या गावाला माहीत होतं. दोन फटक्यांत पोपटासारखा बोलेल, असं गड्यांनाही वाटलं.

सटवा हात जोडून म्हणाला, "सरकार, परीट गाठोड्यातलं भाईर सांगत न्हाई. तुमचंच आजवर राखलं न्हवं? आता ह्ये बी राखतो."

चाबूक सुरू झाला. जुन्या वळांवर नवे वळ उठले, मग वळ दिसेनासे झाले, नुसतं मांस दिसू लागलं. म्हातारा दर फटक्याला तेच वाक्य म्हणत होता, आधी मोठ्यानं, मग पुटपुटत. ओठ हलायचे थांबले तेव्हा गड्यानंच चाबूक खाली टाकला. गढीवर एक माणूस मेला तर त्या काळी कोण विचारत होतं? म्हादू मुंबईला, म्हणून येसूनंच एका हातानं सासऱ्याची चिता रचली.

वर्ष सरायच्या आत गावात वार्ता आली, सुभानराव पुन्हा बोहल्यावर चढणार. मुलगी कोण, तर मैना. सगुणाबाईची धाकटी. थोरली दैवानं नेली, नातं तुटू नये, अशी गोड बोलणी करून त्यानं हैबतरावांना वळवलं होतं. येसूनं हे ऐकलं आणि घरात जाऊन पायघड्यांचं गाठोडं वरूनच चाचपून पाहिलं. जोत्यावर बसून जिच्या खोड्या ऐकल्या ती पोर आता त्या चौकात येणार होती.

थोर माणसाकडे मुलगी आणून लग्न करायची चाल. मुलीकडचा लवाजमा वेशीवर आला. वेशीपासून गढीच्या दारापर्यंत नवरा-नवरीनं पायघड्यांवरून चालायचं होतं. येसूऐवजी दुसऱ्या गावच्या परटाला बोलवावं असं गढीवर कुणी सुचवलं, पण सुभानराव हसला. तिचा जळका हात पंचक्रोशीला दिसावा, हेच त्याला हवं होतं. येसू आली. उजवा हात चिंधीत गुंडाळलेला, डाव्या हातात निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री, काखेत गाठोडं. शुभकार्याच्या कापडावर सुरकुती नको म्हणून इस्त्री आणली, असं ती म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं.

ताशे वाजत होते. येसू वाकून एक कापड अंथरायची, त्यावर इस्त्री फिरवायची, ती दोघं त्यावरून पुढे आली की मागलं उचलून पुढं घालायची. अशी वेस मागे पडली, चावडी मागे पडली. गढीचं दार आलं. तळाची घडी राहिली होती. तिनं ती उलगडली आणि मैनाच्या पायांसमोर पसरली.

मैनानं पाऊल उचललं होतं. ते तसंच राहिलं. हिरवी गोट असलेला अंगरखा, आणि त्याच्या छातीवर काताच्या रंगाचा पंजा. पोरगी खाली बसली. तिनं आपला हात त्या पंजावर ठेवला आणि ती म्हणाली, "बाबा, ही ताईची करंगळी."

ताशे थांबले. हैबतराव पुढे आले, वाकले, आणि त्यांचं तोंड राखेसारखं झालं.

सुभानरावानं तलवार उपसली ती येसूवर. पहिला वार तिच्या उजव्या खांद्यात इतका खोल बसला की पातं हाडात अडकलं. ते उपटायला तो तिच्या अंगावर वाकला, आणि येसूनं डाव्या हातानं इस्त्री उचलून त्याच्या कानशिलावर घातली. कोंबड्याची कडी निघाली, झाकण उघडलं, सगळे निखारे त्याच्या तोंडावर आणि त्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यात ओतले गेले. तो पेटला. किंचाळत फिरला, पडला. येसू गुडघ्यांवर सरकत त्याच्यापर्यंत गेली आणि तिनं इस्त्री पुन्हा घातली, आणि पुन्हा, त्याच्या चेहऱ्यात चेहरा उरला नाही तोवर. काही जण म्हणतात, शेवटचा वार हैबतरावांच्या तलवारीचा होता. सरदारांच्या वंशजांना तसं वाटत असेल तर वाटो, गावाला इस्त्रीच मान्य आहे.

मग जे झालं ते लढाईसारखं झालं. चिंचखेडची माणसं गढीच्या गड्यांवर पडली. सटवाच्या वेळी मुकाट राहिलेलं गावही त्या दिवशी मुकाट राहिलं नाही. उन्हं कलायच्या आत गढी पेटली. तिचे काळे दगड अजून टेकाडावर पडलेत, त्यांना कुणी घराला वापरत नाही.

येसूला मैनानं आणि बायकांनी उचलून नदीवर आणलं. खांद्यातून रक्त थांबत नव्हतं. करंजाखाली तिला टेकवून मैना तिच्या जखमेवर आपला लग्नाचा शालू दाबून बसली.

"राहू द्या बाईसाब, डाग पडंल," येसू म्हणाली. सवय जाते कुठे!

मग म्हणाली, "त्यांनी चोळी दिली हुती माझ्यापाशी. म्हायेरी पोचव म्हनल्या. म्या धुतली." तिला रडू फुटलं. इतकं झालं तेव्हा न रडलेली बाई आता रडली. "पोरीचं पयलं धुणं म्हायेरी येऊ द्या. कुनी सांगायचं न्हाई, कुनी इचारायचं न्हाई. नुस्तं उलटं करून बघा. येवढं करा."

बायकांनी करंजाच्या बुंध्याला हात लावून शब्द दिला. येसूनं तो ऐकला की नाही, कुणाला ठाऊक नाही. तिची इस्त्री कुणीतरी पुसून तिच्या उशाशी ठेवली. पुन्हा कापडावर फिरवायची कुणाला छाती झाली नाही, ती तिथेच राहिली. पारावर सगळ्यांत तळाशी आहे ती तीच.

ठमाबाईचं सांगणं संपतं तेव्हा पाहुणे इस्त्र्यांकडे बघतात. मग बाकीच्या कुणाच्या, असं कुणीतरी विचारतंच.

आजही पाथरजाळीची लेक लग्न होऊन सासरी गेली की तिचं पहिलं धुणं माहेरी येतं. सासरी कपडे धुण्याचं यंत्र असो की मोलकरीण, गाठोडं एस.टी.नं येतं, भावाच्या मोटरसायकलवरून येतं. सासरचे हसतात, जुनाट म्हणतात. पण सोयरीक जमवताना हे कबूल करून घेतलेलं असतं. घाटावर मुलीची आई आणि परटीण समोरासमोर बसतात आणि एकेक कापड उलटं करून उन्हात धरतात. त्या वेळी घाटावर कुणी बोलत नाही. सगळं नितळ असलं तर धुतात, खळ घालतात, कडक इस्त्री करून परत पाठवतात.

आणि एखाद्या चोळीला, परकराला, गाऊनला काही सापडलं, तर ते कापड पाण्याला लावत नाहीत. परटीण आपली बिडाची इस्त्री पेटवते आणि तो डाग बसवते. मग ती इस्त्री पारावर ठेवून देते आणि दुसरी शोधायला लागते, कारण ती पुन्हा कुणाच्या सणावाराच्या कापडाला लावायची नसते. तोवर मुलीच्या आईनं पदर खोचलेला असतो, गावात जीप निघालेली असते, आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता माणसं लेकीला आणायला गेलेली असतात.